‘किती?’ : माझा गुडघा आणि माझ्या कोचची झोप

सुरुवात गुडघ्यापासूनच करावी लागेल, कारण तो गेला नसता तर ही मुलगी, म्हणजे माझी कोच, मला भेटलीच नसती. २०२४ च्या डिसेंबरात नवी मुंबईत, नेरूळला आमच्या सोसायटीची बॅडमिंटन टूर्नामेंट होती. माझं वय ४१, मिक्स डबल्सची सेमी, मागे डाव्या कोपऱ्यात उंच शटल आलं, मी उलट्या पावलांनी गेले, डोक्यावरून मारलं आणि एकट्या डाव्या पायावर उतरले. टक्. आवाज मला आला तसा पार्टनरलाही आला, तो म्हणे मला वाटलं रॅकेट तुटली. रॅकेट शाबूत होती, गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट तुटला होता, अख्खा. जानेवारीत ऑपरेशन झालं, मांडीच्या मागच्या बाजूचा टेंडन काढून त्या जागी बसवला. डिस्चार्जच्या कागदावर पुढचं एका ओळीत होतं, सहा महिन्यांनी नॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी. आता नॉर्मल म्हणजे काय, महापेच्या ऑफिसात बसून जीएसटी रिटर्न भरणं की परत मागे पळत जाऊन स्मॅश मारणं, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तीन महिने फिजिओ केला. फिजिओवाली म्हणाली, माझं काम संपत आलं, आता ताकद आणि खेळाचं काम, एक स्पोर्ट्स परफॉर्मन्स कोच आहे तिच्याकडे जा. मी म्हटलं मला कुठे ऑलिंपिकला जायचंय. ती म्हणाली, जा तर खरं.

कोचचं नाव इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही. वय २८, सीवूड्सच्या एका जिममध्ये काम करते, ट्रॅकपँट, बांधलेला बुचडा, गळ्यात स्टॉपवॉच, चेहऱ्यावर शून्य भाव. जिमच्या नियमाप्रमाणे ती मला ‘मॅम’ आणि मी तिला ‘कोच’. पहिल्या दिवशी मला वाटलं वजनं उचलायला लावेल, तिने वीतभर उंचीच्या ठोकळ्यावर उभं केलं आणि एका पायाने हळूहळू खाली उतरायला सांगितलं. मोबाईलवर शूट केलं, मला दाखवलं. माझा गुडघा दरवेळी आतल्या बाजूला कलत होता, गाडी एका बाजूला ओढते तसा. मग टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या, वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर, डावी मांडी तीन सेंटिमीटरने बारीक. ती म्हणाली, “हे भरून येईपर्यंत बॅडमिंटनचा विषय नाही.” बास. एवढंच बोलली तासाभरात.

सोम-बुध-शुक्र, सकाळी सहाचा स्लॉट. एक वही दिली, त्यात रोज लिहायचं, झोप किती तास, दुखणं दहापैकी किती, सूज आहे का. आदल्या दिवशीच्या व्यायामाने दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर आज कमी, नाही सुजला तर थोडं जास्त, असा तिचा साधा हिशोब. आणि एक गंमत, म्हणजे तेव्हा मला वैताग वाटायचा. सेशन संपल्यावर बरोबर अर्ध्या तासाने व्हॉट्सअ‍ॅप यायचा, एकच शब्द. “किती?”

मी तेव्हा घरी पोळ्या लाटत असायची नाहीतर मुलाचा डबा भरत असायची, पिठाच्या हाताने उत्तर टाकायचं, ६. किंवा ७. म्हणजे सेशन दहापैकी किती जड गेलं. ते मिनिटांनी गुणायचं, ६ गुणिले ६० मिनिटं म्हणजे ३६०, हा त्या दिवसाचा लोड. ही पद्धत कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन संशोधकाची आहे, हे मला तिनेच नंतर सांगितलं. अर्ध्या तासाने का विचारायचं, तर लगेच विचारलं की माणूस शेवटचा जड सेट आठवून आकडा फेकतो, जरा वेळ गेला की अख्खा तास डोळ्यासमोर येतो. अकाउंट्सवाली असल्यामुळे मला हे पटलं. बिल हातात पडल्या पडल्या नाही, जरा थांबून तपासायचं असतं.

एप्रिल असाच गेला. माझ्या डोक्यात ती म्हणजे आकडे विचारणारं एक मशीन होती, आणि खरं सांगते, त्या एका महिन्यात मी तीन सेशन आदल्या रात्री मेसेज टाकून रद्द केली, एकदा पाहुणे, दोनदा कंटाळा. ती ‘ओके मॅम’ म्हणायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतःहून विचारलं, “मॅम, शनिवारी रात्री मोकळ्या आहात का? आमच्या गावात या, एक काम आहे.” गाव म्हणजे सीवूड्सच्या टॉवर्सच्या मागचं गावठाण. मी पंधरा वर्षं नेरूळमध्ये राहते, पाम बीचवरून हजारदा गेले असेन, त्या गावठाणात कधी पाऊल टाकलं नव्हतं. लग्नसराईचे दिवस, मला वाटलं कोणाच्या तरी हळदीला बोलावलंय. मी चक्क सिल्कची साडी नेसून, मिठाईचा बॉक्स घेऊन गेले.

रात्री साडेनऊ वाजलेले. दोन गल्ल्या पलीकडे खरोखरच हळद होती, बेंजो वाजत होता, पण आम्ही गेलो एका मोकळ्या मैदानावर. वर दोन हॅलोजन, खाली पाणी मारलेली माती, चुन्याने आखलेलं १२ बाय ८ मीटरचं मैदान आणि त्यावर अनवाणी चौदा मुली, आठवी ते बारावीच्या. कबड्डी. कोचने टाळी वाजवली, सगळ्या मांडी घालून खाली बसल्या. मग मला पुढे उभं केलं, साडी आणि मिठाईसकट, आणि म्हणाली, “ह्या ताई बघा. उडी मारली, एका पायावर उतरल्या, गुडघा आत गेला, लिगामेंट तुटला. ताई, दाखवा ना.”

म्हणजे मी नमुना होते. प्रदर्शनातला नमुना. भर मैदानात निऱ्या जरा वर धरून मी टाके दाखवले, मुलींनी अगदी जवळ येऊन बघितले, एकीने विचारलं, “ताई, लय दुखला का?” आणि मला एकदम रडूच आलं, कारण घरी-ऑफिसात सगळे कधी बरं होणार हेच विचारायचे, दुखलं का हे कोणी विचारलं नव्हतं. पुढची वीस मिनिटं कोचने त्यांच्याकडून फक्त उतरण्याचा सराव करून घेतला. दोन पायांवर, मग एकावर, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज न करता, मांजर उतरते तसं. मुलींमध्ये ही इजा मुलांपेक्षा जास्त होते, आणि असा उतरायचा सराव वॉर्मअपमध्येच नियमित घेतला तर धोका बराच कमी होतो. हे तिने त्यांना सांगितलं नाही, नुसतं करून घेतलं. मला नंतर सांगितलं. आणि जिममधली ती मुकी मुलगी इथे काय ओरडत होती! “गुरघा आत गेला गो तुजा! परत!” गुडघ्याचा गुरघा झाला होता. जिममध्ये तिचं मराठी पुस्तकातल्यासारखं असतं, अर्धं इंग्लिश, इथे पक्की आगरी. मी म्हटलं तिकडे असं का नाही बोलत. म्हणे, “तिकडे बोलले तर लोक पीटी घेतील का माझ्याकडे?” पीटी म्हणजे पर्सनल ट्रेनिंग. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये.

मग घरी नेलं. साडी बघून तिची आई एवढी हसली, म्हणाली, “गो बाय, कबड्डीला साडी!” आणि जेवल्याबिगर सोरनार नाय म्हणून पाटच मांडला. तांदळाची भाकरी, सोड्याचं कालवण, तळलेले बोंबील. मी मुळात अंडी खाणारी शाकाहारी, पण त्या रात्री सोडे खाल्ले, घरी सांगितलं नाही, आता हे वाचून कळेल. भिंतीवर शंकर-पार्वतीच्या फोटोशेजारी पेपरचं पिवळं पडलेलं कात्रण फ्रेम करून लावलेलं, कबड्डीपटू अभिलाषा म्हात्रे. २०१२ चा पाटण्याचा वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममधली, २०१४ ला इंचॉनच्या एशियाडचं गोल्ड, २०१५ ला अर्जुन पुरस्कार. कोच तेव्हा शाळेत होती, कोपरारक्षक म्हणून खेळायची. म्हणे, “मला तिच्यासारखी चढाई नाय जमायची, मला पकडायलाच आवडायचं.” पुढे खेळणं का सुटलं ते मी विचारलं, मला वाटलं मोठी कहाणी निघेल, इजा, अन्याय, काहीतरी. तसं काही नव्हतं. पदवी झाली, बीपीएड झालं, घरात पैसे लागत होते, जिमची नोकरी मिळाली. संपलं.

त्यांची शेती आणि मिठागर होतं, तिच्या आजोबांचं. १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको आली, जमिनी गेल्या, पुढे बरीच आंदोलनं होऊन साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढा भाग प्लॉट म्हणून परत, त्यातला जो तुकडा मिळाला तो चार भावांत वाटला गेला. तिची आई बोटाने अंधारात दाखवत होती, ते टॉवर दिसतात ना, तिथे आमचा खार होता, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. त्यातल्याच एका टॉवरच्या पोडियमवर माझी मैत्रीण राहते, तिथल्या क्लबहाऊसला मी गेलेय. मी भाकरीचा तुकडा मोडत बसले, दुसरं काय करणार.

त्या रात्रीनंतर मॅमची मी ताई झाले. आणि मी तिला तू म्हणायला लागले. आणि मग मला तिचा दिवस दिसायला लागला, जो समोरच होता, मी बघत नव्हते. पाचला जिम उघडायची. साडेपाच ते दहा क्लायंट. दुपारी जिम रिकामी, ती मागच्या खोलीत योगा मॅटवर झोपायची, झोपायची म्हणजे पडायची, कारण फोन वाजत राहतो. जेवण बहुतेकदा कोपऱ्यावरचा वडापाव. हे मला, जिला ती रोज विचारते की प्रोटीन किती खाल्लं, वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे माझ्या ६२ किलोला साधारण शंभर ग्रॅम, आणि मी अंडी, पनीर, मूग मोजत बसते. संध्याकाळी साडेचार ते नऊ परत क्लायंट. मंगळ-गुरू-शनि रात्री मुलींची प्रॅक्टिस, त्याचे पैसे शून्य. घरी जाऊन झोपायला अकरा-साडेअकरा, उठायचं सव्वाचारला. पीटीच्या फीमधले निम्मे जिमला, क्लायंटने रद्द केलं तर त्या तासाचे काहीच नाही. माझी एप्रिलची ती तीन सेशन. मी विचारलं तेव्हा सांगायची तयारीच नव्हती तिची, मी खोदून काढलं, अकाउंट्सवाल्यांना ती सवय असते. पुढच्या महिन्यात तिला तीन सेशनचे पैसे द्यायला गेले तर घेईना, शेवटी मुलींसाठी मॅटवर घालायचे बूट घेतले त्यातून. कारण सराव मातीवर अनवाणी आणि स्पर्धा मॅटवर बुटांत, आणि बूट असायचे तीन-चार जोड, सामन्यात बदलून बदलून घालायचे.

जूनमध्ये मी एक उद्योग केला. एक्सेल शीट बनवली, माझा आठवड्याचा लोड एका बाजूला, तिचा दुसऱ्या. माझा, ३ सेशन, ६० मिनिटं, आकडा ६, एकूण १०८०. तिचे रोजचे ९ तास जिममध्ये उभं राहणं, प्लेट्स लावणं, करून दाखवणं, आकडा फक्त ३ धरला, ५४० गुणिले ३ म्हणजे १६२०, सहा दिवसांचे ९७२०. बरोब्बर माझ्या नऊपट, आणि यात कबड्डी धरलीच नाही. तिला दाखवलं, ती खूप हसली, म्हणाली, “ताई, याला लोड नाय म्हणत, याला नोकरी म्हणतात.” मी म्हटलं झोप किती? तर “चला, पुढचा सेट.”

पण तेव्हापासून मी रोज विचारायला लागले. सकाळी वही तिच्यासमोर ठेवायची, माझ्या झोपेखाली तिची झोप तिलाच लिहायला लावायची. साडेचार. पाच. साडेचार. एकदा सहा लिहिलं, खोटं होतं, डोळ्यांवरून कळत होतं.

पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला, प्रॅक्टिस समाजमंदिरात हलली, आणि आमचा आणखी एक प्रकार सुरू झाला. ती सीएससीएसच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, स्ट्रेंग्थ कोचसाठीची अमेरिकन परीक्षा, फी डॉलरमध्ये. तिचे दोन भाग असतात, एक सायन्सचा, एक प्रत्यक्ष कामाचा. आदल्या वर्षी कामाचा भाग सुटला, सायन्सचा अडकला, आणि अडकला तो सायन्समुळे नाही, इंग्लिशमुळे. जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं, तेवढ्यात मी तिच्या त्या उशीएवढ्या जाड पुस्तकातून प्रश्न विचारायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. “फॉस्फेजन सिस्टीम किती वेळ चालते?” (म्हणजे एकदम जोर लावताना शरीर जी साठवलेली ऊर्जा वापरतं ती, हे मला नंतर कळलं.) ती डोळे मिटायची आणि म्हणायची, “चढाई तीस सेकंदांची. आत शिरून टच करून परत उडी, तो सगळ्यात जोरातला भाग असतो ना पाच-सहा सेकंदांचा, तो फॉस्फेजन. बाकी नुसतं नाचवत राहायचं, ते दुसऱ्यावर.” प्रत्येक उत्तर कबड्डीतून. मग ते मी इंग्लिशमध्ये करून द्यायची. लेग प्रेसवर आडवं पडून भाषांतर करणारी नवी मुंबईतली मी एकमेव बाई असेन. परीक्षा अजून व्हायचीय, तारखेचे पैसे भरलेत.

गुडघ्याचं सांगायचं राहिलंच. ऑगस्टमध्ये हॉप टेस्ट झाली, एका पायावर लांब उडी, टेपने मोजायची. उजवा ११३ सेंटिमीटर, डावा ९२. म्हणजे ८१ टक्के, आणि तिचा दरवाजा ९० ला उघडतो. मला काहीही दुखत नव्हतं, सूज नव्हती, सोसायटीतले रोज बोलावत होते, सात महिने झाले होते, डिस्चार्जच्या कागदाप्रमाणे तर मी जुलैपासूनच नॉर्मल. मी भांडले. खूप भांडले, आवाज चढवून, बाकीचे क्लायंट बघत होते. तिने शांतपणे २०१६ च्या एका अभ्यासाचं सांगितलं, नॉर्वे आणि अमेरिकेतला, १०६ पेशंट, खेळात परतायला नऊ महिन्यांपर्यंत जितका एकेक महिना उशीर केला तितकं दरवेळी पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. “दुखत नाय म्हणजे तयार आहे असं नाय, ताई.” मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी तिच्या आईने डबा पाठवला, माझ्यासाठी खास बिनमच्छीचा, वालाचं बिरडं. भांडण तिथेच संपलं, वालाच्या बिरड्यापुढे कोणाचं काय चालतं.

दुसरी टेस्ट ३ नोव्हेंबरला ठरली, सोमवार, सकाळी सहा. आता आदल्या दिवशी काय होतं हे नवी मुंबईत कोणाला सांगायला नको. २ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटीलला महिला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल. स्टेडियम आमच्यापासून एवढ्याशा अंतरावर आणि तिकीट मात्र नाही. कोचने समाजमंदिरात पडदा लावला होता, चौदा मुली, त्यांच्या आया, भजी, मी. पावसामुळे मॅच दोन तास उशिरा, पाचला सुरू झाली. शफालीचे ८७, आपले २९८. ती मुळात टीममध्येही नव्हती, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आत आली, आणि प्रतिकाचा पाय दुमडला तो ह्याच मैदानावर आठवड्यापूर्वी, बांगलादेशच्या मॅचमध्ये, ओल्या आऊटफिल्डवर चौकार अडवताना. कोचने तो क्षण मुलींना मोबाईलवर तीनदा दाखवला होता. मध्यरात्री दीप्तीची पाचवी विकेट, हरमनप्रीतने मागे पळत जाऊन घेतलेला कॅच, आणि नेरूळच्या दिशेने जो आवाज आला तो पडद्यावरच्या आवाजाच्या आधी आला, टीव्ही मागे होता ना. गावात फटाके सुरू. पडद्यावर प्रतिका व्हीलचेअरवर, गळ्यात तिरंगा. मला ‘लय दुखला का’ विचारणारी तीच मुलगी म्हणाली, “ताई, हिला पन वही लिहावी लागंल का?” कोच म्हणाली, “लागंल तर.” आणि तोंड फिरवून डोळे पुसले. जिममध्ये हिच्या चेहऱ्यावर काही नसतं असं मी वर लिहिलंय.

मी घरी पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. मेसेज टाकला, उद्याचं रद्द कर, झोप. मग आठवलं, रद्द केलं तर तिचे पैसे बुडतात. खोडलं. लिहिलं, उद्या येते पण टेस्ट नको. तिचा रिप्लाय, “या.”

सहाला गेले तर ती दारात, शटर अर्धं वर, डोळे लाल. वही घेतली, माझी झोप लिहिली, ४. शेरा लिहिला, झोप कमी, टेस्ट पुढच्या सोमवारी. (ती झाली, ११६ आणि १०८, ९३ टक्के, त्यानंतर हळूहळू कोर्टवर सोडलं, आता खेळते पण डबल्सच.) मग मी पेन मागितलं आणि वही तिच्यापुढे सरकवली. तिने खाली लिहिलं, २.५. पहिल्यांदाच खरं.

मी म्हटलं, माझा तास आहे ना, पैसे मी भरलेत ना, मग ह्या तासात काय करायचं ते मी ठरवणार. मागच्या खोलीत मॅट टाकली. ती नको नको म्हणत आडवी झाली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली, चांगली मोठ्याने. मी बाहेर वॉर्मअप केला, काफ रेझचे तीन सेट केले, स्वतःच मोजले, गुडघा आत जात नाही ना ते आरशात बघितलं. पावणेसातला सातवाले काका आले, लवकर येतात ते, म्हणाले मॅडम कुठायत. मी म्हटलं मॅडम मीटिंगमध्ये आहेत, तुम्ही सायकल मारा.

सातला पाच मिनिटं असताना ती बाहेर आली, गालावर मॅटचे वळ उमटलेले. म्हणाली, “किती?”

मी म्हटलं, “चार. हलकंच होतं आज.”

ती म्हणाली, “अहो ताई, वाजले किती?”